हजेरीचे पुस्तक आणि मतदारयादी

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ 1987 साली आले, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि प्रस्थापित समीक्षेने ‘दाहक अनुभव’ अशी चिठ्ठी लावून ते कपाटात ठेवून दिले. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी ते शिकवतो. चोरी, भूक, पोलिसांचा मार इथवर पोरे श्वास रोखून वाचतात. लेखक लातूरच्या सूतगिरणीत कामगार होतो, संघटनेच्या कामात पडतो, तिथे मात्र ‘आता पुस्तक सैल पडले’ हा शेरा ठरलेला. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. ज्याच्या जमातीची सरकारदप्तरी ओळख हजेरीच्या पुस्तकापुरती होती, तो हक्काची भाषा कशी शिकतो हेच या आत्मकथनाचे खरे कथानक होय. विमुक्त माणूस चोर म्हणून वाचकाला रुचतो, नागरिक म्हणून जड जातो.

आपली चळवळ तरी यातून सुटते का? 23 ऑक्टोबर 1928 रोजी पुण्यात सायमन आयोगापुढे बाबासाहेबांनी प्रौढ मतदानाची बाजू मांडली. गुन्हेगार जमातींबद्दल विचारले, तेव्हा मात्र त्यांना हा हक्क देणे बरे होणार नाही असे ते म्हणाले. आदिवासींना देण्यात त्यांना हरकत वाटली नाही. हे पान आपण सभेत वाचत नाही. वाचले पाहिजे. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का किती खोल गेला होता, हे या उत्तरात दिसते. आणि पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानाच्या 326 व्या कलमात जमात उरली नाही. ‘गुन्हा’ हे अपात्रतेचे कारण उरले, तेही एकेका व्यक्तीपुरते. एकवीस वर्षांतले हे अंतर भक्ताला दिसत नाही.

पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 ची. गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. म्हणजे मत आधी, मुक्ती मागाहून! त्याच निवडणुकीत पुसदमधून वसंतराव नाईक तेव्हाच्या मध्य प्रदेश विधानसभेत गेले आणि 1963 ते 1975 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. ज्या बंजारा समाजाचे ते, तो आज राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. त्याच जिल्ह्यात फासेपारध्याचा बेडा गावाबाहेर आहे. एकाला मतपेटीने सत्ता दिली. दुसऱ्याला केंद्राच्या दारातला शिपाई पाहूनच पाय मागे घ्यावासा वाटतो.

कायदा काय म्हणतो हे कार्यकर्त्यांनी तोंडपाठ करावे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे 62(5) कलम तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्याचे मतदान रोखते, स्थानबद्धाचे रोखत नाही. शिक्षा भोगून सुटलेला आणि जामिनावर असलेला, दोघेही मत देऊ शकतात. ‘केस आहे, म्हणून मत नाही’ ही समजूत खोटी आहे, आणि ती कोणाच्या सोयीची आहे हे सांगायला नको. उलट तुरुंगातल्या कच्च्या कैद्याचा गुन्हा शाबीत नसतो, तरी त्याला मत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली हे कलम वैध ठरवले. देशातल्या कैद्यांत सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे. मात्र 2013 च्या दुरुस्तीनंतर तुरुंगातून निवडणूक लढवता येते. तडीपाराची गंमत आणखी निराळी: त्याचे मत शाबूत, पण केंद्र त्याच जिल्ह्यात जिथे पाऊल टाकले तर अटक.

‘सराईत गुन्हेगारा’कडून जामीन घेणारे जुने 110 वे कलम 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत 129 वे झाले आहे. नावात ‘नागरिक’ आला, एवढे खरे.

बेघराचे नाव यादीत घालायला पत्त्याचा कागद लागत नाही. नमुना 6 भरला, की मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन तो माणूस तिथे निजतो का, हे पाहून जातो. बेड्यावर रात्री येणाऱ्या सरकारी माणसाचे काम आजवर एकच होते. तेव्हा फेरीआधी दोन दिवस आपल्यापैकी कोणीतरी बेड्यावर जाऊन बसावे, आणि तो येईल तेव्हाही तिथेच असावे. नाहीतर बॅटरीचा उजेड दिसताच झोपडी रिकामी व्हायची आणि रकान्यात ‘आढळला नाही’ असे लिहिले जायचे.