साधनांतर आणि आस्वाद : कंट्रोलरवर खेळल्या जाणाऱ्या जुन्या पीसी गेम्सची चिकित्सा

प्रस्तावना

कलाकृतीचा आस्वाद माध्यमाच्या द्वारेच घेतला जातो, हे समीक्षेतील सर्वमान्य तत्त्व आहे. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र माध्यमाची चर्चा बहुधा पडद्यापाशी येऊन थांबते. चित्रे, ध्वनी आणि कथानक यांचे विश्लेषण होते. खेळणाऱ्याच्या हातात कोणते साधन आहे, हा प्रश्न केवळ तांत्रिक समजून बाजूला ठेवला जातो. वास्तविक गेम ही हाताने 'वाचली' जाणारी संहिता आहे. हाताचे साधन बदलले की वाचनही बदलते.

1990 च्या दशकात कीबोर्ड व माऊस गृहीत धरून रचलेले अनेक गेम आज कन्सोलच्या कंट्रोलरवर खेळले जातात. 2005 मध्ये आलेल्या एक्सबॉक्स 360 चा कंट्रोलर विंडोजवरही चालू लागला आणि ही रीत रूढ झाली. 2022 मध्ये आलेल्या स्टीम डेकसारख्या हातात धरायच्या संगणकाने तिला आणखी बळ दिले. या साधनांतराकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या भूमिका आढळतात. एका भूमिकेनुसार ही निव्वळ सोय आहे, तर दुसरीनुसार हा मूळ कृतीचा विपर्यास आहे. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. साधनांतर हे एक प्रकारचे भाषांतर असून, भाषांतराला लावले जाणारे निकष त्यालाही लावले पाहिजेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दोन परंपरा

कंट्रोलर हा पीसीच्या जगात नंतर शिरलेला परका घटक आहे, हा समज इतिहासाला धरून नाही. 1981 च्या आयबीएम पीसीसाठीच गेम अ‍ॅडाप्टर उपलब्ध होता आणि त्यावर चार अक्ष व चार बटणे वाचता येत. तथापि जॉयस्टिक वेगळी विकत घ्यावी लागे, कीबोर्ड मात्र प्रत्येक संगणकासोबत येई. साहजिकच पीसीवरील रचनाकारांनी कीबोर्डला, आणि पुढे माऊसला, आधारभूत मानले.

कन्सोलची परंपरा याच्या उलट दिशेने वाढली. 1983 च्या निन्टेन्डो फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर अधिकचिन्हाच्या आकाराचे दिशाबटण आणि मोजकीच बटणे होती. 1996 मध्ये निन्टेन्डो 64 ने अंगठ्याने कललेली अ‍ॅनालॉग स्टिक रूढ केली आणि 1997 च्या ड्युअलशॉकने अशा दोन स्टिक्स दिल्या. एका परंपरेने बटणांची विपुलता जोपासली, दुसरीने अंगठ्याची सूक्ष्मता. जुना पीसी गेम कंट्रोलरवर खेळताना या दोन परंपरांची गाठ पडते.

अंतर आणि वेग

या भेटीतील सर्वांत मूलभूत भेद माऊस आणि स्टिक यांच्या व्याकरणात आहे. माऊसमध्ये हात जितका सरकतो तितकीच नजर वळते. हात थांबला की नजर थांबते. स्टिकमध्ये अंगठा जितका कलतो तितक्या वेगाने नजर वळत राहते आणि स्टिक मध्यावर परतल्यावरच थांबते. माऊस अंतर सांगतो, स्टिक वेग सांगते. म्हणून माऊसने नेम धरताना खेळाडू लक्ष्यावर एकदम 'पोहोचतो', तर स्टिकने नेम धरताना कधी थांबायचे याचा सतत अंदाज घेत राहतो.

क्वेक 3 अरीना (1999) हा वेगवान गेम या भेदाची कसोटी ठरतो. त्याची सारी रचना क्षणार्धात मागे वळून अचूक नेम साधण्याच्या क्षमतेवर उभी आहे. 2000 मध्ये तो ड्रीमकास्ट या कन्सोलवर आला, तेव्हा तेथेही कीबोर्ड व माऊस जोडण्याची सोय ठेवण्यात आली होती, ही गोष्ट बोलकी आहे. याउलट हेलो (2001) हा गेम प्रथम कन्सोलवर प्रसिद्ध झाला. नेम लक्ष्याजवळ आला की त्याला हलकेच सावरून धरणारे साहाय्य त्याच्या रचनेतच होते. माऊससाठी रचलेल्या जुन्या गेममध्ये असे साहाय्य बहुधा नसते. त्यामुळे तोच गेम स्टिकवर खेळताना रचनाकाराला अभिप्रेत नसलेली काठिण्यपातळी निर्माण होते आणि तिचा दोष चुकीने मूळ कृतीच्या माथी मारला जातो.

याच्या जोडीला मध्यस्थ सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे. जुन्या गेमला नवा कंट्रोलर ओळखता येत नाही, तेव्हा जॉयटूकीसारखे सॉफ्टवेअर स्टिकच्या हालचालीचे रूपांतर कीबोर्डच्या कळ दाबण्यात करते. कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते. परिणामी स्टिकच्या कलण्यातील सर्व श्रेणी लोप पावतात. थीफ (1998) या गेममध्ये पावलांचा आवाज चालण्याच्या वेगावर आणि पायाखालच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. फरशीवर धावणारा चोर पहारेकऱ्याला ऐकू येतो, गालिच्यावर हळू चालणारा येत नाही. अंगठा हलका कलवून दबक्या पावलांनी चालणे येथे किती समर्पक ठरले असते! परंतु मध्यस्थाच्या भाषेत 'हळू' हा शब्दच नसतो. भाषांतरकाराचा शब्दसंग्रह अपुरा असला की दोन्ही भाषांचे वैभव वाया जाते, त्यातलाच हा प्रकार आहे.

बटणांचा तुटवडा

एक्सबॉक्स 360 च्या कंट्रोलरवर दिशाबटणाच्या चार दिशा, दोन ट्रिगर आणि स्टिक दाबण्याची क्रिया धरूनही खेळासाठी सोळाच बटणे मिळतात. जुन्या प्रचलित कीबोर्डवर 101 कळा असत. हा केवळ संख्येचा प्रश्न नाही. डूम (1993) मध्ये शस्त्रे अंकांच्या कळांवर मांडलेली आहेत, म्हणजे हवे ते शस्त्र एका कळीने थेट हाती येते. कंट्रोलरवर ती सामान्यतः पुढचे-मागचे अशा क्रमाने फिरवावी लागतात. निवड करणे आणि शोधत जाणे या दोन भिन्न मानसिक क्रिया आहेत. समोर शत्रू असताना हा भेद तीव्रतेने जाणवतो.

मात्र याच गेममध्ये दुसऱ्या अंगाने फारशी हानी होत नाही. मूळ डूममध्ये वर-खाली नेम धरण्याची गरजच नाही. आडवी दिशा जुळली की उंचीचा हिशेब गेम स्वतः करतो. एकाच कृतीचे काही घटक भाषांतरक्षम आणि काही भाषांतराला विरोध करणारे असू शकतात, हे यावरून स्पष्ट होते.

तीन उदाहरणे

टूम रेडर (1996) ची सृष्टी समान चौकोनांच्या जाळीवर उभारलेली आहे. उभ्याने मारलेली उडी एक चौकोन ओलांडते, धावत मारलेली दोन. मागे एक उडी घेतली की धावत्या उडीसाठी नेमके अंतर मिळते. लारा कॅमेऱ्याच्या नव्हे, तर स्वतःच्या तोंडाच्या दिशेने चालते. 2024 च्या नव्या आवृत्तीत ही मूळ पद्धत राखून, स्टिक ज्या दिशेला कलेल तिकडे धावणारी आधुनिक पद्धतही देण्यात आली. आधुनिक पद्धत हाताला सुखद आहे, पण तीत चौकोन मोजण्याची शिस्त सैल पडते. कंट्रोलरचेच दिशाबटण मूळ पद्धतीसह वापरले, तर बाणांच्या कळांशी असलेले नाते टिकून राहते. म्हणजे येथे विपर्यास कंट्रोलरमुळे होत नाही, स्टिकच्या सुखासाठी बदललेल्या नियमांमुळे होतो.

डायब्लो 2 (2000) मध्ये खेळाडू माऊसने जागा दाखवतो आणि पात्र तेथे चालत जाते. खेळाडू आज्ञा देतो, पात्र ती पाळते. 2021 च्या पुनरावृत्तीत कंट्रोलर वापरल्यास खेळाडू स्टिकने पात्राला स्वतः चालवतो. शत्रू, शस्त्रे, नकाशे सारे तेच राहूनही खेळाडू आणि पात्र यांच्यातील अंतर घटते. कथनमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर दृष्टिकोणच बदलतो. या बदलास हानी म्हणणे अन्यायाचे होईल, पण तो झालाच नाही असे म्हणणेही चुकीचे ठरेल.

तिसरे उदाहरण रूढ समजाला छेद देणारे आहे. ग्रिम फँडँगो (1998) हा पीसीसाठीचा गेम असूनही त्यात माऊसचा बाण नव्हता. मॅनी हे पात्र कीबोर्डने चालवावे लागे आणि दखल घेण्याजोगी वस्तू जवळ आली की त्याचे डोके तिकडे वळे. या एका हालचालीतून खेळाडूला सूचना मिळे आणि पात्राचे कुतूहलही व्यक्त होई. 2015 च्या नव्या आवृत्तीत माऊसने टिचकी मारून खेळण्याची सोय आली. तिने खेळ सुलभ झाला, पण खेळाडूची नजर मॅनीच्या डोक्यावरून बाणाकडे गेली. येथे कंट्रोलरच मूळ अनुभवाच्या अधिक निकट आहे. 'पीसी गेम म्हणजे माऊस' हे समीकरण प्रत्येक कृतीबाबत तपासून घ्यावे लागते, ते यासाठीच.

मूळनिष्ठेची मर्यादा

मूळ साधनाचा आग्रह धरताना एक गोष्ट विसरली जाते. मूळ साधन सर्वांच्या हातांसाठी कधीच नव्हते. ज्यांना माऊस धरणे किंवा एकाच वेळी अनेक कळा दाबणे शक्य नाही, अशा व्यक्तींसाठी जुन्या गेमचे 'शुद्ध' रूप म्हणजे बंद दार आहे. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये आणलेल्या एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरला पायाने दाबायची, मोठ्या आकाराची वा अन्य प्रकारची बटणे जोडता येतात आणि तो विंडोजवरही चालतो. येथे साधनांतर हाच आस्वादाचा एकमेव मार्ग असतो. मूळ भाषा न येणाऱ्या वाचकाला भाषांतर नाकारणारी समीक्षा जितकी संकुचित ठरेल, तितकीच येथे मूळनिष्ठेची सक्ती ठरेल.

शिवाय भाषांतराची साधनेही सुधारत आहेत. व्हॉल्व्हने 2015 मध्ये आणलेल्या स्टीम कंट्रोलरवर स्पर्शाने चालणारी दोन वर्तुळे होती. माऊसचे 'अंतराचे' व्याकरण अंगठ्याखाली आणण्याचा तो प्रयत्न होता. त्याची विक्री 2019 मध्ये थांबली, तरी स्पर्शफलक स्टीम डेकवर टिकून राहिले. कंट्रोलर हातातच वळवून नेम धरण्याची पद्धतही याच दिशेची आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

1. साधनांतर ही केवळ तांत्रिक सोय नाही. त्यामुळे गेमची काठिण्यपातळी, निवडीची पद्धत आणि खेळाडू व पात्र यांचे नाते बदलू शकते.

2. साधन बदलणे आणि नियम बदलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचा दोष दुसऱ्याला किंवा दुसऱ्याचा पहिल्याला देता कामा नये.

3. नव्या आवृत्तीने मूळ नियंत्रणपद्धतीचा पर्याय शिल्लक ठेवणे इष्ट आहे. मूळ संहिता उपलब्ध असेल, तरच भाषांतराची पारख करता येते.

4. जुन्या गेमची समीक्षा करताना किंवा तो वर्गात अभ्यासाला घेताना तो कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या साधनावर खेळला गेला, याची नोंद केली पाहिजे.

शेवटची नोंद दिसायला किरकोळ आहे. परंतु कोणत्याही भाषांतरित ग्रंथावर लिहिताना अभ्यासक भाषांतरकाराचे नाव सांगतो, ते शिष्टाचार म्हणून नव्हे. आपण नेमके काय वाचले याची ती कबुली असते, आणि व्हिडिओ गेमच्या समीक्षेतही तिला तितकेच महत्त्व मिळणे आवश्यक आहे.