नायकभेद आणि इतिहासपुरुष

थोर पुरुषांच्या स्वभावाचे प्रकार ठरवून अमुक अंतर्मुख, तमुक बहिर्मुख असा वाद घालण्याची आवड अलीकडे फार वाढली आहे. युंग यांनीं १९२१ सालीं मांडलेल्या उपपत्तीवरून पुढें अमेरिकेंत सोळा स्वभावप्रकारांची सारणी तयार झाली, आणि आतां तिच्या घरांत इतिहासांतील व्यक्ति बसविल्या जात आहेत. नाना फडणीस व महादजी शिंदे ही जोडी आमच्याकडे या वादास आयतीच सांपडते. नाना एकांतप्रिय, शंकाशील व लेखणीचे. महादजी मनमिळाऊ, धाडसी व तलवारीचे, अशी वाटणी करून वादी मोकळे होतात. या वाटणीचें परीक्षण अवश्य आहे; कारण तिचा उपद्रव दप्तरांपर्यंत पोंचतो.

हा वाद मुळींच नवा नाहीं. दहाव्या शतकांतील धनंजयाच्या दशरूपकांत धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे नायकाचे चार भेद सांगितले आहेत. त्यावरील अवलोक टीकेंत धनिकानें नागानंदांतील जीमूतवाहन उदात्त कीं प्रशांत, हा प्रश्न घेतला आहे. राज्याविषयीं उदासीन असणारा पुरुष प्रशांतच नव्हे काय, ही शंका. परोपकारांत सर्वांवर ताण करणारा तोही विजिगीषूच, म्हणून उदात्त, हें उत्तर. परंतु मार्मिक गोष्ट निराळीच आहे. हे भेद जाति नसून वत्स, वृषभ, महोक्ष यांसारख्या अवस्था आहेत, असें धनिक म्हणतो. भवभूतीचा परशुराम रावणाच्या संबंधांत उदात्त, रामापुढें प्रथम उद्धत व मागाहून प्रशांत दिसतो. मुख्य नायकाची अवस्था मात्र एका प्रबंधांत बदलूं नये, असें त्याचें मत आहे. तो नियम कवीसाठीं आहे; आणि इतिहास हा कोणाचा प्रबंध नव्हे.

नानांस भित्रे ठरविणारे त्यांच्या आत्मचरित्राचा आधार घेतात. पानिपतावरून जीव वांचवून निघणें, मातेचा वियोग, स्वतःच्या विषयासक्तीची कबुली, हें सर्व त्यांत आहे खरें. परंतु तो मजकूर पानिपतानंतर लवकरच संपतो, आणि १७४२ सालीं जन्मलेले नाना त्या युद्धाच्या वेळीं पुरे एकोणीस वर्षांचेही नव्हते. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर बारभाईंच्या कारभाराचे धुरीण झाले ते हेच नाना. पहिल्या अवस्थेवरून दुसरीचा निवाडा करणें म्हणजे वासरूं पाहून बैलाची किंमत ठरविणें होय.

महादजींचेंही तसेंच. १७९२ सालीं पुण्यास आल्यावर त्यांनीं पेशव्यांचे जोडे उचलले व आपण पाटीलच म्हणविलें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. एक वादी तीस विनय म्हणतो, दुसरा कावा. प्रसंग एकच, स्वभाव मात्र ज्यानें त्यानें पदरचा घातला.

कागदांच्या बाबतींत तर अधिकच सावध असावें. मोडी पत्र बहुधा कारकुनाच्या हातचें असतें. त्यांतील मायना ज्यास लिहावयाचें त्याच्या दर्जाप्रमाणें ठरतो. त्यांतील नम्रता लिहविणाराच्या स्वभावाची खूण नव्हे. येथें आमचा स्वतःचा प्रमाद सांगणें योग्य होईल. आमच्या संग्रहांतील नानांच्या एका पत्राच्या नकलेवर छ व वार होता, साल नव्हतें. मजकुरांत धास्ती दिसली, तेव्हां तें पत्र त्यांच्या पडत्या काळाचें, १७९६ सालचें, असें धरून आम्हीं तें त्या सालच्या पुडक्यांत बांधिलें. कित्येक वर्षांनीं जंत्री काढून वार ताडला, तों तो त्या सालीं जुळेना. जें काम प्रथम करावयाचें तें आम्हीं शेवटीं केलें होतें. मधल्या काळांत दोघां अभ्यासकांनीं आमच्या पुडक्यावर विसंबून आपलीं टिपणें केलीं, याची खंत अद्यापि आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, पत्र कोणाच्या हातचें, कोणास, कोणत्या तिथीस व कोणत्या प्रसंगीं लिहिलें, हें प्रथम नोंदावें. यांपैकीं जें ठरत नसेल त्याची जागा कोरी ठेवावी. ती स्वभावाच्या अनुमानानें भरूं नये. स्वभावाची चर्चा त्यानंतर खुशाल व्हावी. तींत आम्हांसही गोडी आहे.