शाब्रोल : फार काम करणाऱ्या दिग्दर्शकाचं काय करायचं?

आज क्लोद शाब्रोलबद्दल बोलायचंय. जन्म 1930, मृत्यू 2010. पहिला सिनेमा 1958 चा, शेवटचा 2009 चा, आणि मधल्या काळात पन्नासच्या वर चित्रपट. टीव्हीसाठी केलेलं काम वेगळंच. फ्रेंच न्यू वेव्हचं नाव निघालं की आपण गोदार म्हणतो, त्रुफो म्हणतो, जरा जास्त पाहणारा रोमेर आणि रिव्हेतपर्यंत जातो. शाब्रोलचं नाव येतं, पण एका शेऱ्यासकट येतं. 'चांगला होता हो, पण फार काढले त्यानं.'

या 'फार काढले'बद्दल मला आज भांडायचंय.

आधी चरित्र थोडक्यात. घर औषधविक्रेत्यांचं, म्हणजे फार्मसीवाल्यांचं. युद्धाच्या काळात पोरगा पॅरिसबाहेर, क्रझ भागातल्या सार्दाँ नावाच्या खेड्यात वाढला. पुढे 'काय्ये द्यु सिनेमा' या मासिकात समीक्षा लिहिली, 1957 मध्ये रोमेरबरोबर हिचकॉकवर पुस्तक काढलं. मग पहिल्या बायकोला वारशाचे पैसे मिळाले, त्यातून स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि त्याच सार्दाँ गावात 'ल बो सेर्ज' केला. लगेच दुसऱ्या वर्षी 'ले कुझाँ', त्याला बर्लिनला गोल्डन बेअर. आणि हा माणूस एकटा खात बसला नाही बरं का. रिव्हेतची शॉर्ट फिल्म, रोमेरचा पहिला मोठा सिनेमा, यांना पैसा याच संस्थेनं पुरवला. गोदारच्या 'ब्रेथलेस'च्या श्रेयनामावलीत तांत्रिक सल्लागार म्हणून शाब्रोलचं नाव आहे. म्हणजे ज्या लहरीच्या इतिहासात त्याला मागच्या बाकावर बसवतात, त्या लहरीच्या चुलीत सरपण त्यानं घातलेलं होतं.

मग 1960 ला 'ले बोन फाम'. पॅरिसमधल्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात काम करणाऱ्या चार मुली. त्यातली एक, मोटरसायकलवरून मागे मागे येणाऱ्या माणसात प्रियकर पाहते आणि त्याच्याच हातून मरते. आज हा सिनेमा थोर मानतात. तेव्हा आपटला. या मुलींना तुच्छतेनं दाखवलंय असा आरोपही झाला. पाठोपाठ आणखी काही चालले नाहीत. आता करायचं काय? शाब्रोलनं सांगेल ते काम घेतलं. 1964 ते 67 च्या दरम्यान हेरकथा केल्या, वाघाच्या नावाच्या वगैरे. त्यातल्या काही मी पाहिल्यात. तुम्ही नाही पाहिल्यात तरी चालेल. (हशा)

इथे समीक्षक दोनांपैकी एक गोष्ट सांगतात. एक, हा माणूस विकला गेला. दुसरी, या टाकाऊ कामातून तो कला शिकला. पहिली अन्यायाची आहे आणि दुसरी फार सोयीची. मला वाटतं खरी गोष्ट साधी आहे: त्या सिनेमांनी माणसं एकत्र ठेवली. कॅमेऱ्यावर ज्याँ राबिए, संगीताला पिएर जान्सेन, समोर स्तेफान ओद्राँ, जिच्याशी त्यानं 1964 मध्ये लग्न केलं. हेच लोक 1968 ला आंद्रे जेनोव्हेस नावाचा निर्माता मिळाल्यावर तयार होते. आणि मग तीन-चार वर्षांत 'ले बिश', 'ला फाम आँफिदेल', 'क ला बेत मर', 'ल बुशे', 'ला रुप्तुर', 'जुस्त आव्हाँ ला न्वी'. एवढ्या वेगात एवढ्या दर्जाचं काम करायला हात चालता असावा लागतो. दर पाच वर्षांनी एकदा प्रेरणा येते अशा माणसाच्या हातून हे होत नाही.

आणखी एक पाहा. या सिनेमांत नावं त्याच त्याच येतात. शार्ल, पोल, एलेन. शार्ल सहसा सभ्य, पोल सहसा उपद्रवी, आणि मध्ये एलेन. 'ले कुझाँ'मध्येच शार्ल आणि पोल आहेत. एकाच गावातली माणसं पुन्हा पुन्हा नवीन प्रसंगात सापडावीत तसं. म्हणून सुटा सिनेमा उचलून त्याला मार्क देणं मला अपुरं वाटतं.

'ला फाम आँफिदेल' घेऊ, 1969 चा. गोष्ट सांगतोय म्हणून रागावू नका, शाब्रोलच्या सिनेमात खुनी कोण हे कळल्यानं काही बिघडत नाही. शार्ल विमा कंपनीतला साहेब, बाहेरगावी छान बंगला, बायको, मुलगा. बायकोचं बाहेर प्रकरण आहे. तो तिच्या मित्राच्या घरी जातो. दोघं गप्पा मारतात, पितात, अगदी मोकळेपणानं. मग शार्लला तिथे एक लायटर दिसतो, त्यानंच बायकोला दिलेला. हवा बदलते. हाताशी आलेल्या मूर्तीनं तो त्या माणसाला मारतो. ते क्षणात होतं. त्यानंतर येते ती साफसफाई, आणि तिथे शाब्रोल घाई करत नाही. पुसणं, गुंडाळणं, ओढत नेणं, गाडीच्या डिकीत ठेवणं. वाटेत मागून दुसरी गाडी धडकते, लोक जमतात, आणि आपल्याला त्या खुन्याची काळजी वाटायला लागते. हिचकॉकचा विद्यार्थी इथे दिसतो.

पण हिचकॉकनं जे केलं नसतं ते पुढे आहे. बायकोला नवऱ्याच्या कोटात मित्राचा फोटो सापडतो, मागे पत्ता लिहिलेला. तिला सगळं कळतं. ती फोटो जाळून टाकते. एक शब्द नाही. ज्या नवऱ्यात तिला इतकी वर्षं काही दिसत नव्हतं त्यात आता काहीतरी दिसलंय. शेवटी पोलीस दारात येतात, तो त्यांच्याकडे चालत जातो, आणि कॅमेरा मागे सरकत असतानाच झूम पुढे जातो. जवळ येणं आणि दुरावणं एकाच वेळी. हे लग्न त्या खुनामुळे सुरू झालं, हे इतक्या शांतपणे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

यावरून हॉलिवूडनं 2002 ला 'अनफेथफुल' केला, आणि त्यावरून आपल्याकडे 2004 ला 'मर्डर' आला. तुमच्यापैकी अनेकांनी गाण्यांसकट पाहिला असेल! गोष्टीचा प्रवास बघा. सांगाडा मुंबईपर्यंत पोचला, तो जळणारा फोटो मात्र वाटेतच राहिला.

त्याचे फसलेले सिनेमे मी झाकत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्याला बरंच सैल काम आहे. 1991 चा 'मादाम बोव्हारी' मला निर्जीव वाटतो. फ्लोबेरपुढे इतकं अदबीनं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? पण तिथे एमाचं काम करणारी इझाबेल युपेर त्याला 1978 च्या 'व्हिओलेत नोझिएर'पासून भेटलेली होती, आणि 1988 च्या 'युन आफेर द फाम'मध्ये तिनं गर्भपात करून देणारी बाई उभी केली. व्हिशी राजवटीत 1943 मध्ये गिलोटिनवर चढवलेल्या खऱ्या बाईवरून. ती बाई शाब्रोल गोड करत नाही. ती लोभी आहे, नवऱ्याशी क्रूर आहे. तरी शिक्षा ऐकताना आपला घसा सुकतो.

आणि 1995 चा 'ला सेरेमोनी'. ब्रिटनीमधलं श्रीमंत कुटुंब, घरकामाला ठेवलेली सोफी म्हणजे साँद्रीन बोनेर, आणि पोस्टातली जान, म्हणजे युपेर. सोफीला वाचता येत नाही आणि ही गोष्ट ती जिवापाड लपवते. मालकिणीनं ठेवलेली चिठ्ठी घेऊन ती अक्षरं लावत बसते, तो प्रसंग कुठल्याही खुनापेक्षा जास्त ताणाचा आहे. कुटुंब वाईट नाहीये, लक्षात घ्या. चष्म्याचे पैसे देऊ म्हणतात. त्यांच्या चांगुलपणात एक गोष्ट नाही: समोरच्या बाईला लाज वाटत असेल, ही शंका. शाब्रोल गमतीनं याला शेवटचा मार्क्सवादी सिनेमा म्हणायचा. गंमत असली तरी वर्ग कुठे असतो हे त्यानं नेमकं दाखवलंय. तो त्या चिठ्ठीत असतो.

शेवटी घरचे लोक टीव्हीवर मोझार्टचा 'डॉन जियोव्हानी' पाहत बसलेत, मुलीनं टेपरेकॉर्डर लावलाय. बंदुकी घरच्याच आहेत, शिकारीच्या. नंतर पोलीस तो टेप वाजवतात, आणि ऑपेराच्या मागे बाकीचं सगळं ऐकू येतं.

पाहायला सुरुवात करायची असेल तर 'ल बुशे'पासून करा. मग 'ला फाम आँफिदेल', मग हा. आणि ज्यांना हौस असेल त्यांनी मधला एखादा पडलेलाही पाहावा. आता प्रश्न घेऊ.