मुराद पुरी होते तेव्हा

भयकथेला मराठी समीक्षेने कायम ओसरीवरच बसवले, माजघरात कधी घेतले नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके वाचनालयांतून पाने सुटी होईपर्यंत फिरली. पण साहित्याची गंभीर चर्चा सुरू झाली की त्यांची नावे शेवटी आणि थोड्या संकोचाने घेतली जातात. आपली, म्हणजे मुस्लिम मराठी लिहिणाऱ्यांची कथाही मोहल्ला, तलाक, दंगल, गरिबी यांच्याभोवतीच अधिक फिरली. ते स्वाभाविक होते. तरीपण भीतीच्या गोष्टींची आपल्या घरांत कधी कमतरता नव्हती. मगरिबनंतर चिंचेखाली जाऊ नये, असे बजावणारी दादी कुणाच्या घरी नव्हती?

दादीची गोष्ट आणि भयकथा यांत मात्र फरक आहे. दादीची गोष्ट सकाळी विसरते. चांगली भयकथा दुपारच्या उन्हातही आठवते. हे कशाने होते?

एडगर ॲलन पो याने १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना म्हटले होते की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातला प्रत्येक शब्द एकाच परिणामाकडे जावा. भयकथेला हा नियम फार लागू पडतो, कारण वाचक जेवायला उठला की भीती ओसरते. पण हा झाला आकाराचा विचार. भीतीच्या मुळाविषयी त्झ्वेतान तोदोरोव या समीक्षकाने १९७० च्या आपल्या ग्रंथात एक सिद्धान्त मांडला. घडले ते खरोखर अलौकिक की केवळ भास, या दोन शक्यतांमध्ये वाचक लोंबकळत राहतो, आणि त्या लोंबकळण्यातच अद्भुतकथेचा जीव असतो, असे त्याचे म्हणणे.

सिद्धान्त चांगला आहे. पण आपल्या वाचकापाशी येऊन तो अडखळतो. जिन्न आहेत की नाहीत, हा सश्रद्ध मुसलमानापुढचा प्रश्नच नाही. कुरआनात त्यांच्या नावाची एक संपूर्ण सूरह आहे, बहात्तरावी. तीही अल्लाहची निर्मिती, माणसासारखीच जबाबदार. तेव्हा ‘आहे की नाही’ या शंकेवर उभी राहिलेली कथा अशा वाचकाला फार तर कुतूहल देईल. त्याला हलवायचे तर मूळ दुसरीकडे शोधावे लागते. ते कुठे असते, हे मला एका इंग्रजी कथेत सर्वांत स्पष्ट दिसते.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स हा लंडनच्या गोदीकाठी वाढलेला लेखक. खलाशांच्या विनोदी कथांसाठी तो प्रसिद्ध होता. १९०२ साली आलेली त्याची ‘द मंकीज पॉ’ ही कथा मात्र त्याच्या साऱ्या विनोदाला पुरून उरली. हिंदुस्थानात एकवीस वर्षे काढून परतलेला एक सार्जंट-मेजर माकडाचा वाळलेला पंजा घेऊन व्हाइट कुटुंबाकडे येतो. त्या पंजावर एका वृद्ध फकिराने मंत्र घातलेला आहे. तीन माणसांच्या तीन-तीन मुरादी त्याने पुऱ्या होतात. फकिराला दाखवून द्यायचे होते ते एवढेच, की माणसाच्या आयुष्यावर तकदीरीचा अंमल आहे आणि तिच्यात हात घालणाऱ्याच्या वाट्याला दुःख येते.

इंग्रजी कथांत शापित वस्तू बऱ्याचदा पूर्वेकडूनच आयात होते, तशीच ही. जेकब्सने फकीर वापरला तो इंग्रज वाचकाला दूरचे, अनोळखी काही वाटावे म्हणून. आपल्याला फकीर अनोळखी नाही, तावीजही नाही. त्यामुळे त्याची ही युक्ती आपल्यावर चालत नाही. मात्र तकदीरीची गोष्ट अशी भिडते की तशी इंग्रज वाचकाला क्वचितच भिडली असेल. (लोकांचे संसार उधळून धडा शिकवणारा फकीर कुठल्या सिलसिल्याचा, हे जेकब्सलाच विचारायला हवे होते!)

आता कथेची बांधणी पाहा. बापाला खरे तर काहीच नको आहे. सगळे आहे, असे तो स्वतः म्हणतो. मुलगा हर्बर्ट थट्टेत सुचवतो, घराचे कर्ज फिटेल एवढे दोनशे पौंड माग. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस फाटकाशी घुटमळतो. हर्बर्ट यंत्रात सापडून गेला आहे. कंपनी जबाबदारी घेत नाही. पण त्याच्या नोकरीची कदर म्हणून काही रक्कम देऊ करते. रक्कम दोनशे पौंड. इथे भूत नाही, जिन्न नाही. आहे तो एक हिशेब, आणि मुलाच्या मयतीचे पैसे. योगायोग म्हणावा तर म्हणता येतो, जेकब्सने ती वाट मुद्दाम खुली ठेवली आहे. पण ज्याच्या मनात तकदीर आहे त्याला योगायोगाचाही आधार उरत नाही.

पुढे दफनानंतर आठवड्याने आई रात्री उठते. पंजाची आठवण होताच ती नवऱ्याला हट्टाने दुसरी मुराद मागायला लावते: मुलगा जिवंत होऊ दे. बापाने प्रेत पाहिलेले आहे. कपड्यांवरून ओळखावे लागले होते, इतके ते छिन्न झालेले. तरी तो मागतो. बराच वेळ काही होत नाही. मग दारावर थाप पडते, आणि आईच्या लक्षात येते की कब्रस्तान दोन मैलांवर आहे, पोरगा चालत यायला वेळ लागणारच. माझ्या मते सगळी कथा या दोन मैलांवर तोललेली आहे. एवढा घरगुती तपशील! उशिरा येणाऱ्या मुलाची वाट पाहणारी कोणतीही आई असाच हिशेब करते. तिच्यासाठी दारात तिचा हर्बर्ट आहे. बापाला त्या दहा दिवसांच्या मयतीची कल्पनाच सहन होत नाही. वरच्या कडीला हात पुरत नाही म्हणून ती खुर्ची ओढते. तो अंधारात चाचपडत पंजा शोधतो. दोघांचेही प्रेम खरे आहे, आणि भीती आहे ती त्याच प्रेमात.

बाहेर कोण होते, हे जेकब्स शेवटपर्यंत सांगत नाही. तिसरी मुराद कोणत्या शब्दांत मागितली, तेही नाही. दार उघडते तेव्हा थंड वारा आत येतो आणि रस्ता रिकामा असतो. दुय्यम लेखकाने सडका हात, लोंबणारे डोळे असे काहीतरी दाखवले असते. मग वाचक आईच्या बाजूने राहिलाच नसता, सुटला असता.

धारपांच्या बाबतीत माझी तक्रार हीच आहे. वातावरण उभे करण्यात मराठीत त्यांच्या तोडीचे थोडेच. ओसाड वाडा, बंद खोली, चार ओळींत ते अंगावर काटा आणतात. पण त्यांच्या ‘समर्थ’ मालिकेत अखेर एक अधिकारी पुरुष येऊन दुष्टाचा पाडाव करतो. वाचकाला हायसे वाटते, आणि हायसे वाटले की भयकथा संपली. शिवाय तिथला दुष्ट बाहेरून आलेला असतो, घरातल्या कुणी त्याला मागितलेले नसते.

मागितलेलेच भयाचे रूप घेऊन येते तेव्हा काय होते, याचे आपल्या अधिक जवळचे उदाहरण आहे मंटोची १९४८ ची ‘खोल दो’. ती भयकथा म्हणून कुणी वाचत नाही. फाळणीची कथा म्हणून वाचतात. माझ्या मते ती दोन्ही आहे. अमृतसरहून निघालेल्या गाडीतून सिराजुद्दीन मुगलपुऱ्याला पोचतो. मुलगी सकीना वाटेत सुटलेली. तिचा दुपट्टा तेवढा त्याच्या कोटाच्या खिशात आहे. त्याची एकच मुराद आहे: ती जिवंत असावी. तिला शोधून आणू म्हणणाऱ्या आठ स्वयंसेवकांना तो दुआ देतो. ते आपल्याच कौमचे तरुण आहेत, बाहेरचे कुणी नाहीत.

दोन्ही कथा शेवटी उघडण्यावरच येऊन थांबतात. जेकब्सकडे कडी आहे, मंटोकडे खिडकी. इस्पितळात निपचित पडलेल्या मुलीची नाडी पाहताना डॉक्टर खिडकी उघडायला सांगतो. ते शब्द ऐकून सकीनाचे हात जे करतात त्यावरून तिच्यावर काय गुजरले, ते एकही प्रसंग न दाखवता कळते. जेकब्सच्या बापाला वेळेवर पंजा सापडला होता. सिराजुद्दीनजवळ पंजा नाही, आणि त्याला त्याची गरजही वाटत नाही. त्याला दिसते ते एवढेच की मुलीचे हात हलले. तो आनंदाने ओरडतो, माझी बेटी जिवंत आहे. त्याची मुराद पुरी झाली आहे, आणि घामाने डबडबला आहे तो डॉक्टर.