मल्लविद्यांचा संकर : ज्यूदो, कुस्ती आणि जुजुत्सू

ज्यूदोतील फेक, कुस्तीतील पट आणि जुजुत्सूतील सांधा पिळण्याचे पेच एकाच मल्लाने आत्मसात केले म्हणजे तो परिपूर्ण झाला, असे मत स्पर्धात्मक मल्लविद्येच्या विवेचनात वारंवार मांडले जाते. या मताच्या मुळाशी बेरजेची कल्पना आहे. तीन विद्या म्हणजे डावांची तीन कोठारे, आणि तिन्हींच्या किल्ल्या ज्याच्यापाशी तो श्रेष्ठ, असे त्यात गृहीत धरलेले असते. तपासून पाहता हे गृहीतक टिकत नाही. मल्लविद्या ही केवळ डावांचा संग्रह नव्हे. जय कशाला म्हणावयाचे याविषयीचा तो एक निर्णय असतो, आणि या तीन विद्यांचे निर्णय परस्परविरुद्ध आहेत.

हा विरोध पाठीच्या प्रश्नावर सर्वांत स्पष्ट होतो. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की मल्ल चीत झाला. म्हणून कुस्तीगीराचे सारे शिक्षण पाठ राखण्याचे असते आणि संकटात तो पालथा पडणे पसंत करतो. ज्यूदोत प्रतिस्पर्ध्यास वेगाने, जोराने व ताबा राखून पाठीवर फेकले की ‘इप्पोन’ होऊन लढत तेथेच संपते. परंतु तशा फेकीवाचून पाठीवर गेलेल्यास आणखी २० सेकंद दाबून धरल्याखेरीज तसा निर्णायक जय मिळत नाही. ब्राझीलमध्ये वाढलेल्या जुजुत्सूत तर पाठीवर असणे ही पराभवाची खूणच नव्हे. दोन्ही पायांनी प्रतिस्पर्ध्यास वेढून खालूनच त्याचा गळा आवळणे वा कोपर उलटविणे हा तेथे आक्रमणाचा राजमार्ग आहे. उलट, ज्या पालथ्या स्थितीत कुस्तीगीर निर्धास्त असतो तीच येथे घातक ठरते. कारण पाठीवर स्वार झालेल्याच्या हाती गळा सापडतो. एकाच देहस्थितीचे असे तीन अर्थ होतात. संकर करणाऱ्यास डाव उसने घेता येतात. अर्थ उसने घेता येत नाहीत, त्यांतून निवड करावी लागते.

इतिहास पाहता यांतील एकही विद्या शुद्ध नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान स्थापन केले ते तेन्जिन शिन्यो व कितो या दोन जुजुत्सू संप्रदायांच्या आधारावर. काता-गुरुमा ही फेक त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीच्या अभ्यासातून बसविली, अशी हकीकत सांगितली जाते. मराठी मल्लांच्या परिचयाच्या कलाजंगाशी तिचे साम्य उघड आहे. पण कानो यांचे खरे श्रेय मेळ घालण्यात नसून वगळण्यात आहे. इजा करणारे प्रकार त्यांनी मुक्त सरावातून बाजूला ठेवले, आणि त्यामुळे उरलेले डाव पूर्ण जोराने, विरोध करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर, रोज करून पाहता येऊ लागले. मर्यादा हीच तेथे सामर्थ्याचे कारण झाली.

अशीच मर्यादा पुढे वादाचा विषयही झाली. आंतरराष्ट्रीय ज्यूदो महासंघाने २०१० साली पाय धरून थेट चढाई करण्यास मनाई केली आणि २०१३ साली ती अधिक कडक केली. कुस्तीचा पट हद्दपार झाला. काता-गुरुमासही पायाला हात न लावता करावयाची रूपे शोधावी लागली. पटाच्या भयाने मल्ल वाकून लढू लागतो व उभ्या फेकीचे सौष्ठव हरपते, हा मनाईच्या समर्थकांचा युक्तिवाद निराधार नाही. तथापि त्याची किंमतही मान्य केली पाहिजे. जो धोका नियमाने नाहीसा केला त्याचा प्रतिकार शिष्य शिकेनासा होतो.

याउलट सांबोचे उदाहरण यशस्वी संकराचे आहे. वासिली ओश्चेप्कोव यांनी कोदोकानात शिक्षण घेऊन १९१३ साली पहिला दान मिळविला. १९३७ साली अटकेत त्यांचा अंत झाला, आणि १९३८ साली या क्रीडेस सोव्हिएट मान्यता मिळाली. सांबोने जाकीट ठेवले, पट ठेवला, पायाचे पेच ठेवले, पण गळा आवळणे क्रीडाप्रकारातून वर्ज्य केले. आणि प्रतिस्पर्ध्यास पाठीवर फेकून स्वतः उभा राहणाऱ्यास संपूर्ण विजय दिला. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये सोव्हिएट मल्लांनी ज्यूदोत चार कांस्यपदके मिळविली. ते ज्या घडणीतून आले तिला पाठीविषयी स्वतःचे मत होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची.

१९९८ साली अबू धाबीत सुरू झालेल्या स्पर्धेने जाकीट काढून तिन्ही परंपरांना एका गादीवर आणले. लढतीच्या पूर्वार्धात गुण नाहीत. उत्तरार्धात पाडल्याचे गुण मिळतात आणि स्वेच्छेने पाठीवर बसणाऱ्याचा गुण वजा होतो. खालून लढण्यास मुभा आहे, पण खाली जाण्याची हौस महाग पडते. वरवर तटस्थ दिसणारा हा नियम वस्तुतः कुस्ती व जुजुत्सू यांच्यातील एक तडजोड आहे. २००० साली खुल्या गटाचे अजिंक्यपद मार्क केर या अमेरिकन कुस्तीगीरास मिळाले, याचे मूल्यमापन करताना ती विसरता येत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीनेही हा विचार परका नाही. १९५२ साली हेलसिंकी येथे गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी बँटम वजनगटात कांस्यपदक मिळविले. त्याच गटाचे सुवर्णपदक जिंकणारे जपानचे शोहाची इशी मूळचे ज्यूदोचे मल्ल होते. एक मातीतून आला, दुसरा जाकिटातून. दोघांनाही गादीच्या कुस्तीचा न्याय पत्करावा लागला. दोघांनी पूर्वीची विद्या टाकली नाही, तिला नवा न्याय शिकविला.

तालमीतील तरुण आज माती, गादी आणि परदेशी पेच यांच्या संधीवर उभा आहे. त्याच्या शिक्षकाने डावांची यादी वाढविण्यापूर्वी, येथे पाठ लागली तर काय होते, हे प्रत्येक वेळी स्पष्ट सांगितले पाहिजे. मातीत घडलेली पाठ राखण्याची सवय जुजुत्सूत गळा उघडा टाकते. जुजुत्सूत घडलेली पाठीवर बसण्याची सवय कुस्तीत क्षणात चीत करते. हा भेद न शिकविता केलेला संकर विद्येची वाढ करीत नाही. तो दोन चांगल्या सवयींतून एक वाईट सवय निर्माण करतो.