प्राणार्पण करणारा नायक : 'फकिरा' आणि 'मोझेल' यांच्या निमित्ताने

प्रास्ताविक

दुसऱ्यांचे प्राण वाचविण्यासाठी स्वतःचा मृत्यू पत्करणारा नायक अनेक भाषांच्या कथावाङ्मयात आढळतो. चार्ल्स डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' (1859) या कादंबरीतील सिडनी कार्टन हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. आपल्या वर्गांतून अशा नायकांविषयी बोलताना 'त्याग', 'बलिदान', 'कुर्बानी' या शब्दांवर चर्चा संपते. उत्तरपत्रिकेतही हेच शब्द येतात व आपण गुण देतो.

मंचेरियलसारख्या गावी तेलुगू, उर्दू आणि मराठी घरांतील मुले एकाच बाकावर बसतात. 'फकिरा' शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, माहीत असून मरायला जाणे ही खुदकुशीच नाही का? ती तर हराम आहे." वर्ग गप्प झाला. मीही त्या दिवशी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. त्यासाठी अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (1959) ही मराठी कादंबरी आणि सआदत हसन मंटो यांची 'मोझेल' ही उर्दू कथा विचारात घेतली आहे.

ईसार आणि खुदकुशी

उर्दूत यासाठी 'ईसार' हा नेमका शब्द आहे. स्वतःला गरज असतानाही दुसऱ्याला अग्रक्रम देणे, असा त्याचा अर्थ. सूरह हश्रमध्ये मदीनेच्या अन्सारांची प्रशंसा याच गुणासाठी आली आहे. यर्मूकच्या रणांगणावरील जखमींची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. प्रत्येक जण पाण्याचा प्याला शेजारच्या तहानलेल्याकडे पाठवतो आणि शेवटी पाणी कोणालाच मिळत नाही. या कथेतील एकालाही मरण नको होते. त्यांना शेजाऱ्याची तहान भागवायची होती. खुदकुशी करणाऱ्याची नजर स्वतःच्या दुःखावर असते. ईसार करणाऱ्याची नजर समोरच्या माणसावर असते आणि मृत्यू ही त्याने मोजलेली किंमत ठरते. साहित्यकृती तपासताना हा भेद हाताशी ठेवावा.

या कसोटीवर सिडनी कार्टन थोडा अडचणीत येतो. डार्नेला वाचवावे हा त्याचा हेतू खरा आहे. पण वाया गेलेल्या आयुष्याला मरणातून अर्थ मिळावा, अशी आसही त्यात मिसळलेली आहे. वाचलेले कुटुंब आपली आठवण ठेवील, या विचाराने तो समाधानाने जातो. फकिरा व मोझेल यांना हे समाधान लाभत नाही.

फकिराची शरणागती

'फकिरा'ला 1961 साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अण्णा भाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. कादंबरीच्या आरंभी फकिराचा बाप राणोजी गावासाठी जोगणी आणताना प्राण गमावतो. मान वाढतो तो सगळ्या गावाचा. मरतो मात्र मांगवाड्यातला माणूस. पुढे दुष्काळात त्याच वस्तीवर उपासमार येते आणि सरकार तिला गुन्हेगार ठरवून हजेरी लावते. मग फकिरा धान्य लुटतो व भुकेल्यांना वाटतो. येथे लक्षात घ्यावे की त्याच्या बंडाचे मूळ जगण्याच्या इच्छेत आहे. उपाशी मरू नये, म्हणून हे लोक उठले आहेत.

अखेरीस सरकार त्याच्या माणसांना बायकापोरांसह पकडून छळते. डोंगरात लपून राहणे फकिराला शक्य आहे, परंतु त्याची किंमत इतर मोजणार आहेत. म्हणून तो स्वतःहून हजर होतो आणि फासाची वाट पत्करतो. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. लढण्याचे, लपण्याचे, लुटण्याचे सर्व मार्ग त्याने आधी चोखाळले आहेत. मरण त्याने सर्वांत शेवटी, तेही दुसऱ्यांच्या सुटकेसाठी स्वीकारले आहे. कादंबरीचा एक उणेपणाही सांगितला पाहिजे. अण्णा भाऊंचा नायक इतका निर्भय आहे की त्याच्या मनातील भीती, मागे राहणाऱ्यांविषयीची घालमेल फारशी दिसत नाही. भीती दिसली असती, तर निर्णयाचे मोल अधिक कळले असते.

मोझेलचे उतरवलेले कपडे

'मोझेल' मुंबईत घडते. शहरात दंगल आणि संचारबंदी आहे. शीख तरुण त्रिलोचनची वाग्दत्त वधू कृपाल कौर मुस्लिम मोहल्ल्यात अडकली आहे. मोझेल ही ज्यू तरुणी. बेफिकीर, लोकांच्या लेखी चारित्र्यहीन. त्रिलोचनला तिने पूर्वी सोडून दिलेले असते. तरीही ती त्याच्याबरोबर निघते. जमाव दारावर येताच स्वतःचा झगा उतरवून ती कृपाल कौरच्या अंगावर घालते आणि विवस्त्र स्थितीत जिन्याकडे धावते. पायातल्या खडावांमुळे तोल जाऊन ती कोसळते. जमाव तिच्याभोवती गोळा होतो आणि कृपाल कौर निसटते.

जिन्यावरून पडणे हा अपघात आहे. मोझेलची निवड त्याआधीच, मोहल्ल्यात पाऊल टाकताना व झगा उतरवताना झाली आहे. मंटो तिच्या तोंडी उदात्त भाषण घालीत नाही. त्रिलोचन पगडीने तिची लाज झाकू पाहतो, तेव्हा ती ती पगडी बाजूला सारते. ज्या धर्माभिमानापायी मोहल्ले पेटले, त्याची खूण तिला अंगावर नको आहे. मंटोच्या कथेतही एक पोकळी आहे. जिच्यासाठी हे सारे घडते, त्या कृपाल कौरला स्वतःचा आवाज जवळजवळ नाही.

वाचलेल्यांवरील ऋण

या दोन कृती शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ठळक होते. राणोजी आणि फकिरा अस्पृश्य व 'गुन्हेगार' ठरवलेले, मोझेल बदनाम. राणोजीमुळे मान मिळतो तो प्रतिष्ठित गावाला आणि मोझेलमुळे वाचते ती प्रतिष्ठित घरातील मुलगी. ज्यांना समाजाने सर्वांत कमी दिले, त्यांच्याकडूनच सर्वांत मोठी किंमत घेतली गेली. म्हणून या मृत्यूंत गौरवाइतकाच आरोपही आहे. 'किती थोर त्याग' असे म्हणून थांबणारा शिक्षक नकळत त्या आरोपातून समाजाची सुटका करतो. गावाने माणूस मानले असते आणि मोहल्ल्याने शेजारधर्म पाळला असता, तर या मरणांची गरजच नव्हती.

मंचेरियल परिसरातील कितीतरी मुलांचे वडील कोळशाच्या खाणीत उतरतात. जिवावरची जोखीम त्यांना पुस्तकातून शिकायची नाही. त्यांच्यापुढे मरणाचे सौंदर्य मांडणे जबाबदारीचे नव्हे.

निष्कर्ष

अशा कृती शिकविताना तीन प्रश्न विचारावेत. नायकासमोर दुसरा मार्ग होता का? कोण मेले आणि कोण वाचले? वाचलेल्यांनी पुढे काय केले? पहिल्या प्रश्नाने ईसार व खुदकुशी यांतील भेद कळतो. दुसऱ्याने समाजाची रचना दिसते. तिसरा प्रश्न थेट आपल्याला लागू होतो. एक जीव वाचविणे म्हणजे जणू सर्व मानवजातीला वाचविणे, असा सूरह माइदातील आशय आपण व्याख्यानांत नेहमी सांगतो. त्या आशयाचा भर वाचविण्यावर आहे. वर्गातही भर तेथेच राहावा.