यादीतले घर आणि साहित्यातली वस्ती

दलित साहित्यातील वस्तीला मराठी समीक्षेने 'पार्श्वभूमी' म्हटले. गटार, पत्रा, गळके छप्पर ही वर्णनाची सामग्री ठरली आणि त्या वर्णनाच्या दाहकतेचे कौतुक करून समीक्षक मोकळे झाले. परंतु आमचे घर कुठे असावे हे ठरवणारा कोण, हा प्रश्न या साहित्याने पहिल्यापासून विचारला आहे. तो समीक्षेला ऐकू आला नाही, आणि घरकुलांच्या याद्या करणाऱ्यांनाही नाही.

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ही कथा पाहा. नायकाला रेल्वेत नोकरी मिळते. अडते ते राहण्याच्या जागेपाशी. छप्पर हवे तर जात लपवावी लागते. ती उघडी पडते तेव्हा मार खावा लागतो. उत्पन्नाच्या मोजपट्टीने हा माणूस गरजू ठरणारच नाही. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना एकमेकांसमोर उभे राहतात. मुक्काम बदलतो, जागेचा नियम बदलत नाही.

आता सरकारी कागदाकडे वळू. २०१६ साली सुरू झालेली ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजना किमान २५ चौरस मीटरचे घर सांगते, सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरवते. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेने तपासायची असते. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. या घरांचे मोल आम्ही नाकारत नाही. गळक्या छपराखाली पावसाळा काढलेला माणूस ते नाकारणार नाही. पण ज्याच्या नावावर वीतभर जागा नाही, त्याचे मंजूर घर उभे कुठे राहायचे? भूमिहीनाला जागा मिळवून द्यावी, असे योजनाच म्हणते. ती मिळेपर्यंत घर कागदावरच राहते. जागेचा प्रश्न पहिला असताना तो यादीत शेवटी का येतो?

वस्ती सुधारण्याच्या निधीचेही तसेच. रस्ता, गटार, पाणी, दिवे, समाजमंदिर: यांतले आधी काय, हे कोण ठरवते? मागणी ग्रामपंचायत करते, मंजुरी वरून येते. गावाची सत्ता ज्यांच्या हाती, त्यांच्या समोर चावडीत उभे राहून दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या बाईने 'आधी पाणी द्या' म्हणावे, ही अपेक्षा कायद्याला सोपी वाटते. उद्याची मजुरी जिच्या हातून जाणार, तिला ती सोपी नाही.

कोणी म्हणेल, वेगळ्या वस्तीलाच निधी देणे म्हणजे गावकूस पक्के करणे नव्हे काय? आक्षेप खरा आहे, पण अर्धा. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनीच अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती. परंतु ती जमिनीसह होती. गावावर अवलंबून राहणे संपवण्यासाठी होती. आज वेगळेपण उरले आहे, जमीन आणि अधिकार मात्र नाहीत. अशा वेगळेपणावर काँक्रीट ओतले म्हणजे विकास होत नाही.

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. त्याच न्यायाने वस्तीची सभा वस्तीतच आधी भरावी. कामांचा क्रम तिने लावावा. तो बदलायचा असेल तर ग्रामसभेने कारणे लेखी द्यावीत. मागणी लहान आहे. पण क्रम लावणे हीच सत्ता आहे, हे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या शेवटी पाणी भरले त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

आणि समीक्षकांनी यापुढे वस्तीचे वर्णन वाचताना 'किती दाहक!' म्हणून थांबू नये. ती वेदना आहेच. पण ती अनुभवाने लिहिलेली मागणीही आहे. पार्श्वभूमी म्हणून जिच्याकडे पाहिले, ती भूमीच आम्ही मागत आहोत.